दुपारी आई कॅमेऱ्यात दिसत नसे

माझ्या सासरी मला नाकखुपशी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तर आत डाळ आहे की बटाटे, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे माहेरी, पासलीच्या घराला कॅमेरे लावायचे असं आमच्यात ठरलं, तेव्हा वरवर मी काळजीचा चेहरा केला होता, पण आतून मला गंमत वाटत होती. आई दिवसभर एकटी काय करते, हे आता भोरला बसल्या बसल्या बघायला मिळणार होतं.

कॅमेऱ्यापर्यंत गोष्ट गेली ती आई पडली म्हणून. भाताची कापणी उरकली होती. परसदारी धुण्याच्या दगडापाशी तिचा पाय सरकला आणि कंबरेला मार बसला. आम्हाला तिनं सांगितलं ते संध्याकाळी फोनवर, घरातलं मीठ संपल्याचं सांगावं तसं. "जरा पडले व्हते. आता बरी हाय." माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो, कंपनीत आहे. तो तसाच गाडी काढून निघाला. मी भोरहून पोचले तेव्हा तो आईच्या खाटेशी बसून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता.

"आई, किती वेळ पडून होतीस तू?"

"आता त्ये काय घड्याळ लावून पडत्यात व्हय?"

"तरी. अर्धा तास? एक तास? जास्त?"

आई भिंतीकडं तोंड करून झोपली. तिच्या तोंडाला कुलूप लागलं की ते देवालाही उघडत नाही. भाऊ अंगणात आला आणि मला म्हणाला, "ताई, ती खूप वेळ एकटी पडून होती. म्हणूनच सांगत नाही. हाका मारत असेल आणि ऐकायला कुणी नसेल." बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. हा माझा भाऊ एरवी तोऱ्यात बोलणारा.

सकाळी मात्र त्याचा तोरा परत आला. आईला पुण्याला न्यायचं, म्हैस विकायची, भाताची खाचरं कुणाला तरी वाट्यानं करायला द्यायची, असं त्यानं चहाबरोबर जाहीर केलं. आई म्हणाली, मी येत न्हाई. तो म्हणाला, तुला विचारतंय कोण. मग माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, अरे ती आई आहे, कपाट नाही उचलून टेम्पोत घालायला. तो म्हणाला, तू भोरला बसून शहाणपणा शिकवू नकोस. असं बराच वेळ आमचं चाललं, आणि आई तिकडं म्हशीची धार काढत होती.

शेवटी तडजोड झाली. घराला कॅमेरे लावायचे. मोबाईलवर आम्हा दोघांना आई दिसत राहिली तर तिनं पासलीतच राहायचं. ती दिसेनाशी झाली, तर मुकाट्यानं सामान बांधायचं. आई "बरं" म्हणाली आणि शेण काढायला गेली. ती इतक्या सहज कशी कबूल झाली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कॅमेऱ्याचं काम माझ्याकडं आलं आणि मी त्यात अशी शिरले की घरात स्वयंपाक नवऱ्यावर पडला. वायरचा घ्यावा की बिनवायरचा, अंधारात बघणारा घ्यावा की माणूस दिसला की ओरडणारा, वीज गेली तर काय, आणि आमच्याकडं ती जातेच. यूट्यूबवर एक माणूस बंगल्याला कॅमेरे कसे लावायचे ते सांगत होता. त्याच्या बंगल्याला कोपरे होते, फाटक होतं, गाडी ठेवायची जागा होती. आमच्या घराला पुढं अंगण आणि पडवी, मध्ये दोन खोल्या, बाजूला गोठा आणि मागं परसदार. मी कॅलेंडरच्या पाठीमागं घराचा नकाशा काढला आणि कॅमेरे मांडायला बसले. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला हेच ठाऊक नाही की आई सकाळी कुठं असते, दुपारी कुठं बसते, दळण कुठं निवडते. ज्या घरात वाढले त्या घरातली आई मला फक्त चुलीपुढं आठवत होती.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागं मागं फिरायला पासलीला गेले. ती गोठ्यात गेली की मी गोठ्यात, ती पाण्याला गेली की मी पाण्याला. थोड्या वेळानं ती वळून म्हणाली, "वासरागत काय फिरतीस माझ्या मागनं?" पण रागावली नाही. दुपारी जेवण झाल्यावर ती सूप घेऊन पडवीत बसली आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडत राहिली. एवढे तांदूळ निवडायला काय लग्न होतं का घरात, असं मला वाटलं खरं. पण मी नकाशावर पडवीत फुली मारली, दुपार, म्हणून.

भावानं फोनवर आणखी एक मागणी केली. एक कॅमेरा परसदारी, बांधाच्या भिंतीवर लावायचा.

त्या भिंतीचं सांगितलं पाहिजे. आमच्या घराला लागूनच चुलत्यांचं घर आहे. मी हायस्कूलला असताना वडील आणि चुलते यांची वाटणी झाली आणि एका खाचराच्या बांधावरून ते असे भांडले, की दोघांनी गावच्या देवळात जाऊन बेल-भंडारा उचलला. ह्या घरानं त्या घराशी बोलायचं नाही आणि त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे चेष्टा नाही. दोन्ही परसांच्या मधोमध दगड रचून कंबरेएवढी भिंत घातली गेली. पुढं दोघे भाऊ वारले, मागं दोघी जावा राहिल्या, माझी आई थोरली आणि काकू धाकटी. शपथ मात्र जिवंत राहिली. माझा भाऊ आणि चुलतभाऊ तर ती बापांपेक्षा कडक पाळतात. भावाला संशय होता की चुलतभाऊ थोडे थोडे दगड सरकवून भिंत आमच्या बाजूला ढकलतोय. कॅमेऱ्यात ते पकडायचं असा त्याचा बेत होता.

आईनं ते ऐकलं मात्र, ताडकन म्हणाली, "मागं न्हाणी हाय. बाया आंघुळी करत्यात तिथं तुमी डोळं लावनार?" यावर पुरुष माणूस काय बोलणार? भावानं तो विषय सोडला.

कॅमेरे बसवायला कापूरहोळच्या दुकानातला माणूस आला. दिसायला धट्टाकट्टा, आणि बोलायला लागला की थांबत नसे. नसरापूरपासून पासलीपर्यंत गाडीत त्यानं मला चोरांचेच किस्से सांगितले. चोर पायातल्या चपला काढून येतो, चोर आधी कुत्र्याला भाकरी घालतो. मी सगळं कान देऊन ऐकलं, आवडलंही. घरी आल्यावर तो शिडीवर चढून म्हणाला, "मॅडम, आपण दारं धरायची. काय यायचं ते दारातनंच येतं."

गावातली माणसं बघायला जमली. कुणी म्हणालं, आता हितं तंबाखू मळायची पण चोरी. कुणी कॅमेऱ्याखाली उभं राहून केस नीट केले. आई खालून सगळं निरखत होती. तिनं कॅमेरेवाल्याला विचारलं, "ह्यातनं त्यास्नी मी दिसनार. मला त्ये दिसत्यात का?"

"नाही मावशी. हा एकाच बाजूनं बघतो."

"मग ह्यो काय उपेगाचा," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एक अंगणावर, एक पडवीत, एक गोठ्याच्या तोंडाशी, असे तीन कॅमेरे लागले. भोरला परत येईपर्यंत मी वाटेत दहादा मोबाईल उघडला असेल.

पहिले काही दिवस मी वेडीच झाले होते. ऑफिसात फाईल उघडली की शेजारी मोबाईल उघडा. म्हशीनं शेपटी हलवली तरी मोबाईलवर संदेश यायचा, हालचाल आढळली. आई म्हशीशी बोलते हे मला माहीत होतं, पण ती म्हशीवर रुसते हे माहीत नव्हतं. एकदा म्हशीनं बादलीला लाथ मारली, तर आई सबंध सकाळ तिच्याकडं पाठ करून वावरली. आईला झाडताना अर्ध्यावर थांबून आभाळाकडं बघायची सवय आहे. काही नसतं तिथं, नुसतंच बघते. ती कॅमेऱ्यालाही सरावली. पडवीतून जाता जाता मान वर करून म्हणायची, "जेवलीस का गं?" आणि मी इकडं ऑफिसात तोंडात घास घेऊन मान हलवायची.

मग मला दुपारचं भोक दिसलं. दुपारचं जेवण झालं की आई पडवीत यायची, कोनाड्यातून एक पिशवी काढायची, पदराखाली धरायची आणि घरात शिरायची. त्यानंतर उन्हं कलेपर्यंत ती कुठल्याच कॅमेऱ्यात नसायची. रोज. पडवीत सूप नाही, तांदूळ नाही, काही नाही. मी ते चित्र मोठं करून बघितलं तेव्हा कळलं की ती पानाची पिशवी आहे. आता माझी आई मिसरी लावते, पण पान तिनं जन्मात खाल्लेलं नाही. फोन करून विचारलं तर म्हणाली, "निजते की दुपारची." माझी आई दुपारी निजते यावर मी काय, तिची म्हैससुद्धा विश्वास ठेवणार नाही.

मी भावाला बोलले नाही, पण त्यालाही मोबाईल होताच. आठवडाभरानं त्याचा फोन आला.

"ताई, आई दुपारी रोज गायब असते. तू बघितलंस ना?"

"झोपते म्हणे."

"ती पडली तेव्हाही दुपारच होती, आणि परसदारीच पडली. उद्या तिथं परत पडली तर आपण इकडं म्हशीची शेपटी बघत बसणार. चौथा कॅमेरा मागं लाव. न्हाणी सोडून लाव. नाहीतर मी येत्या रविवारी तिला घेऊन जातो, मग मला कुणी अडवायचं नाही."

त्याचं चुकत होतं असं मला म्हणवेना. ठरलं होतंच तसं. शिवाय खरं सांगायचं तर पानाच्या पिशवीनं माझी झोप उडवली होती. मी कॅमेरेवाल्याला घेतलं आणि आईला न कळवता, ऐन दुपारी पासलीत जाऊन उतरले. त्याला म्हटलं, तुम्ही अंगणात सामान काढा. मी घराला वळसा घालून मागं गेले.

परसदारी फणसाच्या सावलीत आई धुण्याच्या दगडावर बसली होती, भिंतीला टेकून. भिंतीच्या पलीकडं, तशीच टेकून, पाटी पालथी घालून त्यावर काकू बसली होती. दोघींच्या पाठी भिंतीला, तोंडं दोन दिशांना. आई अडकित्त्यानं सुपारी कातरत होती आणि कातरलेली सुपारी हात मागं करून भिंतीवर ठेवत होती. काकूला आताशा नीट दिसत नाही, ती चाचपून ती उचलत होती. आणि भिंतीवर एक मांजर अंग चाटत बसलं होतं.

काकू म्हणाली, "मांजरे, इचार गं तुझ्या थोरलीला, कंबरंला त्याल लावलं का."

आई म्हणाली, "मांजरे, लावलंय म्हनावं. धाकलीनं डोळ्यात थेंब घातलं का त्ये इचार."

"घालनार व्हती म्हनावं. सून इसरली."

"सुनंला काय झालंय इसराया. सांग तिला, सोताच्या हातानं घालाय शीक."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी तोंडावर हात दाबला. ह्या घरानं त्या घराशी बोलायचं नव्हतं, आणि दोघी खरोखरच बोलत नव्हत्या. मांजराशी कुणी बोलू नये असं काही देवळात ठरलं नव्हतं. किती वर्षं हे चाललं होतं कुणास ठाऊक. मांजरं तरी किती बदलली असतील.

मला हसू आवरलं नाही, आणि दोघी दचकल्या. काकूनं पदर डोक्यावर ओढला आणि उठायला लागली. मी म्हटलं, "काकू, बसा हो." ती अर्धवट उठलेली तशीच राहिली. आई माझ्या अंगावर आली. "न सांगता कशी काय आलीस?"

"चौथा कॅमेरा लावायचाय. इथं. तो म्हणतो, नाहीतर रविवारी तुला घेऊन जातो."

आईचा राग उतरला. ती दगडावर बसली, अडकित्ता मांडीत ठेवला. "मग लाव," ती म्हणाली. "लाव आन् मला आजच घिऊन चल. हिला हितं बसल्याली बघितली की तिचा ल्योक ही भित डोक्याएवडी करनार. मग मी हितं काय करू? दिसभर म्हशीचं त्वांड बघू?"

मी तिच्यापाशी गेले. नजर भिंतीवर गेली. आई टेकली होती तिथंच भिंतीचे वरचे दगड पडले होते, आमच्या बाजूला. एवढं सगळं चाललेलं असतानाही माझ्या नाकानं आपलं काम सोडलं नाही. मी विचारलं, "हे दगड कशानं पडले?"

आईनं मांडीतला अडकित्ता उचलला. काकू मांजराकडं बघून म्हणाली, "मांजरे, हिला सांग, म्हातारपनी उडी माराया गेलं की आसंच व्हतंय."

मग आईनं सांगितलं. ती पडली तेव्हा काकू खळ्यावर पेंढा रचायला गेली होती. आईनं हाका मारल्या, कुणी आलं नाही. उठता येईना. धुण्याचं पाणी अंगाखालनं वाहून गेलं, लुगडं भिजलं, ऊन भिंतीवरनं सरकून फणसाच्या शेंड्याला गेलं तरी ती तशीच. मग काकू आली, तिनं कण्हणं ऐकलं आणि दगड ढकलून भिंतीवर चढली, उतरली, आईचं डोकं मांडीवर घेतलं, तिला उठवून मागच्या दाराच्या पायरीपर्यंत आणलं. तिथं थांबली. उंबरा तिनं तेव्हाही ओलांडला नाही. आईनं स्वतःच खाटेपर्यंत भिंत धरून पाय ओढले.

"आणि तेव्हाही मांजराशीच बोलल्या का?" मी विचारलं.

"तवा मांजार कुठं व्हतं," आई म्हणाली. "बाई म्हनून हाक मारली तिनं मला. इतक्या वर्सांनी." आणि आई रडायला लागली. मीही रडले. काकू फणसाकडं बघत राहिली.

"अगं, मग त्याला सांगायचंस ना. तो बिचारा किती दिवस जळतोय."

"काय सांगू? दगुड पडल्यालं बघून त्यो म्हनल, भित त्यांनीच पाडली. पयल्यापासनं त्येच त्याच्या डोक्यात हाय. मग भांडान."

एवढ्यात माझा मोबाईल वाजला. भाऊच होता. "लावला का? काही दिसत नाही इकडं." पुढून कॅमेरेवाल्याची हाक आली, "मॅडम, कुठं ठोकू?" आई माझ्याकडं बघून मान हलवत होती, नको, नको म्हणून. पण मला ते सगळं पोटात ठेवणं जमणार नव्हतं. मी फोनचा स्पीकर चालू केला आणि एका दमात सांगून टाकलं, अरे, आई त्या दिवशी एकटी नव्हती, काकूनं भिंत उतरून तिला उचललं, दगड त्यात पडले, आणि तुला कुणी सांगितलं नाही कारण तुझी भीती वाटते.

मला वाटलं, रेंज गेली.

मग तो म्हणाला, "काकू आहे का तिथं?"

मी फोन भिंतीवर ठेवला. मांजर उठून गेलं.

"काकू," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या रात्री अंगणात फुटला होता तसा झाला. "काकू, खरं सांगा. किती वेळ पडून होती ती?"

काकूनं आईकडं बघितलं. धूसर दिसत असेल, पण बघितलं. मग फोनकडं वाकली आणि लांबच्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली, "पडली तशी उचलली रं बाळा. पाठ भुईला टेकू दिली न्हाई मी."

तिकडं तो हमसून हमसून रडायला लागला. काकू फोनला "उगी, उगी" म्हणत राहिली. मी आईकडं बघितलं. आई पदरानं डोळे पुसून भिंतीकडं सरकली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "व्हय. आसंच झालं."